एकसष्ट वाती

सोलापूर,
सोमवार, २१ एप्रिल २०२५

काव्या,

वर 'चि. सौ.' लिहायचं की नुसतं काव्या, इथंच माझं पेन पंधरा मिनिटं अडलं. शेवटी नुसतं काव्या लिहिलं. चुकलं असेल तर पुढचं तूच जोडून घे. सासऱ्याचं पत्र आहे म्हणून न फोडता बाजूला टाकू नकोस. घरातल्या भांडणाचं यात काही नाही. फोन तू उचलत नाहीस, तो तुझा अधिकार आहे. धारवाडचा पत्ता तुझ्या ताईनं, दाक्षायणीनं दिला. तिला रागावू नकोस, मी लई मागं लागलो होतो.

काम मेणबत्तीचं आहे.

तू गेलीस तेव्हा तुझं सामान तसंच राहिलं. पाम तेलाच्या मेणाचं अर्धं पोतं, काचेच्या वाट्या, थर्मामीटर आणि तुझी ती निळी वही. सोमेश म्हणाला, कुणाला तरी देऊन टाकू. मी म्हटलं, राहू दे की, तुझ्या ताटातलं काय खातंय का ते? मग एक दिवस वही उघडली. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं वॅगनींची चाकं बसवली, मेणाचं ते काय मोठं, असं वाटलं.

वहीत लिहिलंयस तसं सगळं केलं. मेण पंच्याण्णव डिग्रीपर्यंत तापवलं. वाट्या आधी गरम करून घेतल्या. ओतल्यावर वर पातेलं पालथं घातलं, कारण हे मेण हळू गार झालं पाहिजे. ते आकसतं आणि आत पोकळी राहते, म्हणून विणायच्या सुईनं भोकं पाडून वरून पुन्हा मेण सोडलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर वर पिसांसारखी नक्षी उठलेली. मी एकटाच 'वा रे वा' म्हणालो.

पेटवली, आणि अर्ध्या तासात सगळं फुकट. ज्योत बारीक होत होत मोहरीएवढी झाली. मधलं मेण वितळलं, काठाचं तसंच घट्ट. आमच्या रेल्वेचा बोगदा असतो तसं भोक सरळ खाली गेलं, वात त्या वितळलेल्या मेणात बुडाली आणि गप झाली. तीन केल्या, तिन्ही तशाच.

आता मला सांग, हा मेणाचाच दोष ना? पोतं जुनं झालं असेल, किंवा मुळात मालच हलका आला असेल. वात कुठली म्हणशील तर साधी सुताची, आपली घरातलीच. वातीत काय बिघडायचंय?

मोठं पत्र लिहू नकोस. 'मेण वाईट होतं' एवढी एक ओळ लिहून टाक, माझं काम झालं.

मामा
(चन्नप्पा)


रविवार, ४ मे २०२५

काव्या,

उत्तर नाही. पोस्टाचा भरवसा नाही म्हणून पुन्हा लिहितोय, असं मी सोमेशला सांगितलं. पोस्टाचा काही दोष नसणार हे मलाही कळतं.

वात बारीक असेल म्हणून मी सुताचे तीन पदर घेऊन वेणी घातली, चांगली जाड. वहीत तू लिहिलंयस की जाळून बघताना वारा नको, म्हणून पंखा बंद केला आणि दार लावून बसलो. मे महिन्यात, सोलापुरात, भर दुपारी! सोमेश जेवायला आला, माझा बनियन बघितला आणि म्हणाला, "अप्पा, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "अंघोळ." त्याला हसू आलं नाही. त्याला हल्ली कशालाच येत नाही. जेवताना मोबाईल बघतो, भाजी कसली आहे हेही त्याला ठाऊक नसतं.

जाड वातीनं वेगळाच तमाशा केला. आधी धूर. वातीच्या टोकाला काळं भूछत्र उगवलं, वाटी काजळीनं माखली, तडतड करत ज्योत नाचली आणि मग तीही बुडाली. बारीक घातली तर बुडते, जाड घातली तर धूर ओकून बुडते. मग घालायची तरी कसली? माझं डोकं चालेना झालंय.

गुरुबसप्पाच्या एकसष्टीचा विषय मी काढणार नव्हतो. पण तो माझ्या डोक्यातून जात नाही, तर तुझ्या कसा जाईल? होटगीचा माझा साडू, त्याच्या औक्षणाला पणत्यांऐवजी सुनेच्या मेणबत्त्या लावा, ही शिफारस माझी. डिसेंबरच्या आठ तारखेला एकसष्ट मेणबत्त्या तू हॉलमध्ये मांडल्यास. पंखे बंद करायला लावलेस. सगळ्या पेटल्या तेव्हा लोकांनी मोबाईल वर केले. बायका औक्षणाला उठल्या, आणि त्यांचं ताट फिरून व्हायच्या आत मेणबत्त्या एकेक करून जायला लागल्या. शेवटी नऊ राहिल्या. एकसष्टीच्या माणसापुढं ते तसं होणं!

तू म्हणत होतीस, "मी तीनदा जाळून बघितल्या होत्या, चार-चार तास चालल्या होत्या." कुणी ऐकलं नाही. गुरम्मा, त्याची बायको, बोलायचं ते बोलली. सोमेश गाडीत म्हणाला, "जमत नाही तर घेतलंस कशाला?" अकराव्या दिवशी गुरुबसप्पा न्हाणीत घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि गुरम्मानं सोमेशच्या फोनवर तुला अपशकुनी म्हटलं. स्पीकर चालू होता, मी तिथंच बसलो होतो. त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस. दारात मी तुला विचारलं, डबा घेतलास का?

म्हणून म्हणतो, मेणाचा दोष असेल तर असं लिहून दे. मी ते पत्र होटगीला नेऊन दाखवतो, पोत्यासकट दाखवतो. दुकानदारानं फसवलं, पोरीचा काय दोष, असं चार माणसांत सांगतो. तू फक्त लिही.

मामा


मंगळवार, १३ मे २०२५

काव्या,

आज तुझं पाकीट आलं. अक्षर बघून मी ते पोस्टमनच्या हातातून ओढूनच घेतलं, बिचारा दचकला.

आत पाच वाती, पाच जाडीच्या. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधलेली, एक ते पाच. आणि पत्र नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, उजेडात धरलं, आतून फाडून बघितलं. सोमेश म्हणाला, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "आकडे." तो पाकीट घेऊन आत गेला, ते त्यानं अजून परत दिलेलं नाही.

याचा अर्थ काय धरायचा? राग असता तर तू वाती कशाला पाठवल्या असत्यास? राग नसता तर दोन शब्द का नाही लिहिलेस? 'म्हातारा घर पेटवून घेईल' म्हणून पाठवल्यास का? मला खरंच काही उमगत नाही.

सकाळीच पाच वाट्या ओतल्या होत्या, वाती घालायच्या राहिल्या होत्या. मेण मऊ होतं तोवर तुझ्या पाचही त्यात बसवल्या आणि दुपारी ओळीनं लावल्या. मेण पुरतं मुरलं नव्हतं, पण मला धीर कुठला? पहिली अर्ध्या तासात बुडाली. दुसरी तासाभरानं. पाचवीनं धूर काढला, चौथीची ज्योत उगाच मोठी होऊन लवलवत राहिली. आणि तिसरी, काव्या, तिसरी जळत राहिली. दोन तासांत वितळलेलं मेण बरोबर काठाला लागलं, कुठं बोगदा नाही, काजळी नाही. आता हे लिहितोय तर तिला चौथा तास चाललाय.

मेण त्याच पोत्यातलं. वाटी तीच. ओतणारा अडाणी माणूस तोच. वात तेवढी तुझी.

म्हणजे मेण चांगलं होतं.

मला आणखी काही लिहायचं आहे, पण आधी एक खात्री करायची आहे. उद्या लिहितो.

मामा


बुधवार, १४ मे २०२५

काव्या,

हे पत्र बसून वाच. दाक्षायणी जवळ असेल तर तिलाही वाचून दाखव, माझी हरकत नाही.

सकाळी उठून मागच्या गल्लीतल्या नरसव्वाकडं गेलो. ती टॉवेलच्या कारखान्यात काम करते, तुला माहीत आहे. माझ्याजवळचं सूत तिला दाखवलं. तिनं ते बोटांत चोळलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "अप्पा, ह्याच्या वाती केलासा व्हय?"

मी म्हटलं, "व्हय. का?"

"आवो, ह्ये ताण्याचं सूत हाय. ह्याला खळ असती की! मागावर उभे धागे तुटू नयेत म्हणून पेज पाजतेत. ती पेज जळून वातीत गच्च बसती. मग तेल वर चढंल कसं? मेण तर त्याहून जड." मग म्हणाली, "मला सांगायचं न्हाय व्हय वातीला पायजे म्हणून? आडव्या बाण्याचं दिलं असतं, त्याला खळ नसती. न्हायतर हेच सोडा घालून उकळून दिलं असतं. तुमीच म्हनलासा, मजबूत दे."

मीच म्हणालो होतो. पण ते आत्ता नाही, डिसेंबरमध्ये.

आता सरळ लिहितो. एकसष्टीच्या चार दिवस आधी तू मला एकसष्ट वाती मोजून दिल्यास, खाली पत्र्याचं बूड असलेल्या, आणि सांगितलंस, मामा, ह्या वाट्यांच्या मधोमध बसवून ठेवा, मी उद्या मेण ओतते. तुला माझ्या हाताचा भरवसा होता. फिटरचा हात, वात मध्यावरून केसभर हलणार नाही, असं तूच म्हणाली होतीस.

मी त्या सगळ्या वाती बुडातून ओढून काढल्या आणि माझ्या घातल्या.

का ते तुला कसं सांगू? आपल्या घरात शुभकार्याला विकतची वात कधी लागली नाही. तुझी सासू निंगव्वा होती तोवर दर सोमवारी मांडीवर कापूस घेऊन स्वतः वळायची. पाकिटातली वात, कुणाच्या हातची, कुठल्या गावची, आणि ती माझ्या साडूच्या औक्षणाला लावायची? मला ते पटेना. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. कापूस वळायला माझी बोटं जाड, म्हणून नरसव्वाकडून सूत आणलं, त्यातलं सगळ्यात मजबूत, ताण्याचं. पीळ दिला, तुझ्या वातींसारखं मेणात बुडवून सरळ केलं, त्याच लांबीला कापलं. तुला ओळखू येऊ नये इतकं नीट केलं. मनात होतं की सगळे वाहवा करतील तेव्हा हळूच सांगायचं, वाती माझ्या हातच्या बरं का!

तू तुझ्या वातीनं तीनदा जाळून बघितलं होतंस. तुझं काहीच चुकलं नव्हतं.

आणखी एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे पत्र टाकलं तर मी पुन्हा खोटा ठरेन. मला हे आज कळलं असं नाही. खळीचं आज कळलं. पण त्या दिवशी हॉलमध्ये मेणबत्त्या जायला लागल्या तेव्हा करपलेल्या पेजेचा वास आला होता. मी पुढच्याच रांगेत होतो. वात माझी होती हे मला एकट्याला माहीत होतं. गुरम्मा बोलत होती, तू मान खाली घालून पाटावरचं मेण खरवडत होतीस, आणि मी खुर्चीत बसून राहिलो. मग मनाची समजूत घातली की मेणच वाईट असेल. तुला दोन पत्रं लिहिली ती त्यासाठीच. तुझ्याच हातून मेणाचा दोष लिहून घ्यायचा होता, म्हणजे मी सुटलो असतो. कसला हलकटपणा!

तुझ्या त्या एकसष्ट वाती मी फेकल्या नव्हत्या. बुटाच्या खोक्यात घालून पलंगाखाली ठेवल्या होत्या. एक काढून लावून बघायची, एवढंच काम होतं. पाच महिने त्या खोक्यावर झोपलो आणि ते केलं नाही.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं, खोडलंय. ते लिहिलं की लगेच तुझ्यावर काहीतरी देणं येतं. ते नको.

चन्नप्पा


सोमवार, २६ मे २०२५

काव्या,

तुझं उत्तर आलेलं नाही आणि मी त्याची वाट बघत नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो.

काल रविवारी सोमेशला घेऊन होटगीला गेलो. त्याला वाटेत काही सांगितलं नाही. मला भीती होती की त्यानं तिथूनच गाडी वळवली तर माझी हिंमत परत होणार नाही. गुरुबसप्पा अंगणात वॉकर पुढं घेऊन बसला होता. गुरम्माला बाहेर बोलावलं. बुटाचं खोकं उघडून तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "ह्या काव्याच्या वाती. त्या दिवशी मेणबत्त्यांत ह्या नव्हत्या. मी बदलल्या होत्या." पुढचं सगळं सांगितलं, खळीपासून पेजेच्या वासापर्यंत.

गुरम्मानं त्यातली एक वात उचलून बघितली. मग म्हणाली, "दाजी, आन् मी फोनवर त्या पोरीला बोलत हुते तवा तुमी तिथंच हुता म्हना की!"

"व्हय, तिथंच. स्पीकर चालू होता. सगळं ऐकत होतो."

त्यावर ती आत निघून गेली. गुरुबसप्पानं मात्र मांडीवर थाप मारली. "मी पयल्या दिवसापासून सांगतोय, फरशीवर साबण पडलाता! कोण ऐकतंय माझं? म्हणे अपशकुन!" तो हसायला लागला तसं खुब्यात कळ आली, मग शिव्या देत हसला. मला त्याच्या बरोबर हसता येईना आणि रडताही येईना. एवढ्या मोठ्या गोष्टीला साबण म्हणून सोडून देतात का? पण त्याचं हाड, तो सोडू शकतो. माझं तसं नाही.

थोड्या वेळानं गुरम्मा चहा घेऊन आली. डोळे लाल होते. तुझा नंबर मागितला. मी दिला नाही. म्हटलं, पत्र लिही, वाचायचं का नाही ते ती ठरवंल. चौथीपर्यंत कन्नड शिकलीय, त्यात लिहीन म्हणाली.

सोमेशचं सांगायचं राहिलं. परत येताना त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. मला वाटलं उतर म्हणतोय. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "ती सांगत होती अप्पा. जाळून बघितल्या होत्या म्हणून. हॉलमध्ये सांगितलं, गाडीत सांगितलं, घरी आल्यावर सांगितलं. मी एकदाबी विचारलं न्हाय, मग आज काय झालं म्हणून." आज सकाळी माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः न जेवता बाहेर गेला. बरोबरच आहे त्याचं.

आत्ता दुपारी येऊन म्हणतो, शनिवारी धारवाडला जातो आणि तिला घेऊन येतो. मी म्हटलं, 'घेऊन येतो' म्हणजे? ती काय स्टेशनवर विसरलेली बॅग आहे का? आधी तिला विचार. तो म्हणाला, तुम्हीच लिहा. म्हणून लिहितोय. त्यानं यावं असं तुला वाटत असेल तर त्याला तसं कळव. नको असेल तर नको म्हण, मी त्याला इथं धरून ठेवतो, एवढी ताकद अजून आहे. त्याची बाजू मी मांडणार नाही. आणि तू परत ये, असंही मी लिहिणार नाही. फार वाटतं, पण ते लिहायचा हक्क मी घालवलाय.

मेण, वाट्या, थर्मामीटर आणि वही उद्या पार्सलनं पाठवतो. तुझं आहे, तुझ्याजवळ असलं पाहिजे. काम सोडू नकोस. तुला ते येतं.

एकच मागतो. दाक्षायणी फोनवर म्हणाली की तू अजून विचारतेस, माझं नेमकं कुठं चुकलं असेल गं. पाच महिने तू स्वतःवर रागावत बसलीस. तो राग माझ्या वाट्याचा होता, पोरी. आता तो माझ्यावर काढ, पत्रातून काढ, फोनवर काढ, दारात येऊन काढ. मी घरीच असतो.

चन्नप्पा